खोक्यावरचा भरीव आवाज

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. सात महिने दिलं नाही. पत्र गहाळ होतं, पत्ता सापडत नाही, माणूस आजारी पडतो, अशी कारणं लोकांकडे असतात. माझ्याकडे त्यांतलं एकही नव्हतं. पत्र माझ्या शब्दकोशात, 'भ'च्या पानांत, नीट घडी घालून ठेवलेलं होतं आणि तो शब्दकोश मी रोज उघडत होतो. कानामागे टाकणं म्हणतात ते हेच.

मी एका कंपनीत खोक्यांवरचा मजकूर लिहीत असे. इस्त्र्या, पंखे, पाणी तापवायची भांडी. 'इस्त्री गरम असताना तळाला हात लावू नये' यासारखी वाक्यं मी तेहेतीस वर्षं लिहिली. ती सगळी खरी होती. त्यांबद्दल माझं कधी कौतुक झालं नाही, पण माझ्यामुळे कोणाचा हातही भाजला नाही. ऑफिसात मला वेलांटीकाका म्हणत. दुसऱ्याच्या मजकुरातली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करण्यापलीकडे माझा कोणाला उपद्रव नव्हता. मग कंपनीला हेडफोन काढायची बुद्धी झाली.

पत्र रेघी कागदावर, निळ्या शाईत होतं. पाकिटावर लिहिलं होतं, 'हेडफोनच्या खोक्यावरचा मजकूर लिहिणाऱ्या गृहस्थांस'. गृहस्थ मीच. तेव्हा नोकरीचे माझे दोन महिने उरले होते.

'सप्रेम नमस्कार. मी पियानो सुरात लावतो. एकेचाळीस वर्षं हेच काम करतो आहे. वाढदिवसाला लेकीने मला आपले हेडफोन दिले. एका शाळेच्या सभागृहातला पियानो मी नुकताच लावला होता आणि तिथल्या संगीताच्या बाईंनी त्याचं रेकॉर्डिंग करून दिलं होतं. ते आपल्या हेडफोनवर ऐकलं. मला माझाच पियानो ओळखू आला नाही. खालचे सूर घुमतात, वरचे कुठे जातात कळत नाही, सगळं बोदं ऐकू येतं. आपण खोक्यावर लिहिलं आहे : "भरीव आवाज. कलावंताला जसा ऐकू येतो, अगदी तसा." म्हणजे आवाज भरीवच असणार आणि मलाच तो बोदा ऐकू येत असणार. माझं वय अडुसष्ट. आमच्या धंद्यात कान गेला की माणूस संपला. हेडफोन काढून ठेवला की पलीकडच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक त्रास देते, पण म्हातारपणी कशाचाही त्रास होतो. माझा प्रश्न एवढाच : माझे कान गेले आहेत का? आपणांस विचारण्याचं कारण, खोक्यावरचा मजकूर मी भिंग घेऊन वाचला. त्यात एकही चूक नाही. हल्ली खोक्यांवर काय वाटेल ते छापतात. ज्याची एक वेलांटी चुकत नाही तो माणूस खोटं लिहिणार नाही, असं मला वाटतं. फोन नंबर देत नाही, कारण फोनवरचं मला नीट ऐकू येतं की नाही याची आता खात्री नाही. कळावे.'

भरीव हा शब्द कसा आला ते सांगायला हवं. मला सांगायची लाज वाटते, म्हणून भरभर सांगतो.

हेडफोनवर एका हिरोची सही असणार होती. हा हिरो गातही असे. त्याचं एकही गाणं आमच्या ऑफिसात कोणी शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं, पण त्याचं तोंड सगळ्यांना पाठ होतं. आधी रंग ठरले, मग खोकं ठरलं. खोक्याचं झाकण उघडताना कसा आवाज यावा यावर दोन बैठका झाल्या. सही सोनेरी की चंदेरी यावर तीन झाल्या. कंपनीचे जे काही कान होते ते सगळे खोक्याला लागले होते. हेडफोनच्या आवाजाची बैठक अगदी शेवटी, जेवणाच्या सुट्टीआधी पंचवीस मिनिटं, अशी ठेवली गेली.

गोल टेबलाभोवती आम्ही दहाजण आणि हेडफोन एक. तो हातोहात फिरत होता. जाहिरात खात्याच्या मॅडम प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

"वा!" पहिला म्हणाला.

"छातीत धडकतंय!" दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने नुसतीच मान हलवली, पण अशी हलवली की आम्हाला त्याच्या मानेची काळजी वाटली.

माझ्याकडे आला. मला असं ऐकू आलं की कोणाला तरी गाद्या ठेवायच्या कपाटात कोंडलं आहे, तो आतून गातो आहे आणि दुसरा कोणी बाहेरून कपाटाला लाथा घालतो आहे. मी इकडेतिकडे पाहिलं. ऐकून झालेली सगळी माणसं प्रसन्न दिसत होती. मी पुस्तकातला माणूस. आवाजातलं मला काय कळतं? माझेच कान जुने झाले असतील.

"छान," मी म्हणालो.

माझ्यानंतर कानसेनची पाळी. कानसेन म्हणजे आमचा आवाज तपासणारा. पंख्याच्या खोलीबाहेर उभा राहून कोणत्या पात्याला खरचटलंय ते सांगायचा, म्हणून ते नाव. त्याने हेडफोन घातला, चार सेकंदांत काढला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"बोदा आहे."

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे बोदा. तडा गेलेलं मडकं वाजवून बघा, तसा."

"अरे, लोकांना ढुम पाहिजे असतो. ढुम आहे ना?"

"ढुमच आहे. दुसरं काहीच नाही. सहा महिने खोक्याला दिलेत, मला सहा दिवस द्या, काहीतरी करतो."

"सहा दिवसांनी खोकी दुकानात जाणार. त्या ढुमला चांगला शब्द हवाय, बस्स. वेलांटीकाका, निघेल का शब्द?"

तेहेतीस वर्षांत मला त्या टेबलावर कोणी काही विचारलं नव्हतं. माझं काय झालं कोण जाणे. मी जवळजवळ धावत माझ्या जागेवर गेलो, शब्दकोश उघडला आणि चिठ्ठीवर तीन शब्द लिहून आणले. घनगंभीर. दमदार. भरीव. 'भरीव म्हणजे पोकळ नाही तो, ठोस, भक्कम,' मी अर्थही वाचून दाखवला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. कानसेन तेवढा खिडकीबाहेर बघत होता. मी घरी जाऊन थोरल्या बहिणीला, अक्काला, हे कौतुकाने सांगितलंसुद्धा.

'कलावंताला जसा ऐकू येतो, अगदी तसा' हे वाक्य मॅडमचं. त्यातला स्वल्पविराम माझा. तो कलावंतही मी पाहिला. फोटो काढायच्या दिवशी पाटीवरचं शुद्धलेखन तपासायला मला बोलावलं होतं. हिरो उंच स्टुलावर बसला होता आणि फोटोवाला ओरडत होता, "सर, हरवून जा! गाण्यात हरवून जा!" हिरोने डोळे मिटले आणि तो हरवला. चांगला पाऊण तास हरवलेला होता. हेडफोनची वायर त्याच्या गुडघ्याशी मोकळी लोंबत होती.

मी मॅडमच्या कानाशी जाऊन म्हणालो, "वायर कशालाच जोडलेली नाही."

"फोटोत आवाज येतो का काका?" मॅडम म्हणाल्या.

काम संपल्यावर हिरोने हेडफोन काढला, कान चोळले आणि खिशातून स्वतःच्या इअरफोनची दोन बारीक बोंडं काढून कानांत खुपसली. मी समोर होतो. त्याला मी कपडे सांभाळणारा वाटलो असेन. हेडफोन माझ्या हातात देत तो म्हणाला, "केवढा जड आहे हो! हा घरी नाही ना न्यावा लागणार?"

नाही, मी म्हणालो. घरी लोकांनी न्यायचा होता.

आणि लोकांनी नेला. त्यातला एक त्या पियानोवाल्याच्या लेकीने नेला.

पत्र घेऊन मी मॅडमकडे गेलो. त्यांनी वरच्या दोन ओळी वाचल्या.

"साचा नंबर चार पाठवा."

"पण यांनी प्रश्न विचारलाय."

"म्हणून तर चार. तीन तक्रारीचा, चार प्रश्नाचा. तुम्हीच तर लिहिलेत ना काका?"

मीच लिहिले होते. नंबर चार असा होता : 'आपल्या पत्राबद्दल आभार. आवाजाचा अनुभव व्यक्तिपरत्वे बदलू शकतो. शंका असल्यास कानांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.' व्यक्तिपरत्वे या शब्दावर मी तेव्हा खूश होतो. एखाद्याला विहिरीच्या काठावर उभं करून मागून हळूच बोट लावावं, असं ते उत्तर होतं, पण बोट लावताना शुद्धलेखन मात्र चोख. ते छापील उत्तर गेलं. मूळ पत्र मी फाइलला न लावता घरी आणलं. स्वतः लिहीन म्हणालो. दुसऱ्या दिवशी म्हणालो, आपण काय लिहिणार, आपल्याला आवाजातलं काय कळतं. निवृत्त होताना कंपनीने एका कागदावर सही घेतली, की मालाविषयी बाहेर काही बोलणार नाही. त्या कागदाचा मला केवढा आधार वाटला! आता तर बोलणंच गुन्हा, म्हणजे गप्प बसणं ही सचोटी झाली. भित्र्या माणसाला असे कागद बरोबर भेटतात.

निरोप समारंभात मला तोच हेडफोन भेट मिळाला. अक्काने तो लगेच टीव्हीसाठी ताब्यात घेतला. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला शेजारची घंटा ऐकू येत नाही, स्वयंपाकघरातला नळ ऐकू येत नाही, मी म्हटलेलं ऐकू येत नाही.

"कसा आहे आवाज?" मी खुणेने विचारलं.

"झकास!" ती ओरडली. "ढुम ढुम मस्त येतं. आणि कान गरम राहतात."

मागच्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं, तिथल्या कोणीतरी घरचा पत्ता घालून पाठवलेलं. घरी आलेला प्रत्येक कागद अक्का आधी वाचते आणि मोठ्याने वाचते. त्यामुळे माझ्या नावचा तो मजकूर मी कपडे वाळत घालता घालता ऐकला.

'आपलं छापील उत्तर पोचलं. राग नाही. डॉक्टरांकडे गेलो नाही. जे मला कळलंच आहे ते दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकायचं? शाळेतला पियानो मनात शंका आली म्हणून पुन्हा उघडला. बरोबर लागलेल्या तारा पिळत बसलो, त्यात एक तार तुटली. बाई म्हणाल्या, काका, परवा तर हा बरोबर होता. त्यानंतर हातातली कामं परत केली. येत्या तीस तारखेला हत्यारं ओळखीच्या एका कारागिराला देऊन टाकतो आहे. आपणांस विचारलं होतं, म्हणून कळवलं.'

"कोण रे हा?" अक्काने चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

मी सांगितलं. तिला ऐकू जावं म्हणून ओरडून सांगावं लागलं, आणि अशा गोष्टी ओरडून सांगितल्या की त्यांतली सगळी सबब गळून पडते. शेजारच्या गॅलरीतल्या बाई आत निघून गेल्या.

"सात महिने?" अक्का म्हणाली. "सात महिने त्या माणसाला लटकत ठेवलास?"

"मला काय लिहावं कळेना."

"इस्त्रीला हात लावू नका, हे सांगायला बरं कळलं जन्मभर! तू लहानपणापासून असलाच. मास्तरांनी विचारलं की येत असलेलं उत्तर गिळून टाकायचास आणि घरी येऊन मला सांगायचास. मला सांगून काय उपयोग, मी का मार्क देणार होते?"

"अगं, पण..."

"गेलेत का त्याचे कान?"

"मला काय माहीत!"

"मग ज्याला माहीत आहे त्याला विचार ना, शहाण्या. हा घे माझा हेडफोन. नेऊन दाखव. संध्याकाळच्या मालिकेच्या आत आण पण."

ज्याला माहीत होतं तो कानसेन. मडक्याच्या उदाहरणानंतर महिन्याभरात त्याची नोकरी गेली होती. आता किल्ल्या बनवणारा आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध त्याचं एक चिंचोळं दुकान होतं. रेडिओ, स्पीकर, दाराच्या घंट्या दुरुस्त करायचा. मी तिथे कधी गेलो नव्हतो. रस्त्याच्या पलीकडून दोनदा गेलो होतो.

"या वेलांटीकाका!" तो आतूनच म्हणाला. "कसला भरीव आवाज करत आलात?"

मी मुकाट्याने हेडफोन पुढे ठेवला. "उघडून दाखवशील?"

त्याने गादी सोलली, चार बारीक स्क्रू काढले, कवच वेगळं केलं. आत एक कागदी पडद्याचा छोटा स्पीकर होता. कानसेनने तो नखाने टिचकी मारून वाजवला.

"याच्यापेक्षा बरा मी दाराच्या घंटीत पाहिलाय. हे बघा, भोक नुसतं दिसायला, मागे बंद आहे. आवाज बाहेर पडायला जागाच नाही, मग घुमतो. वरचे सूर या फोममध्ये मरतात. हे सगळं मी लिहून दिलं होतं तेव्हा. कोणी वाचलं नाही, कारण त्यात वेलांट्या चुकल्या होत्या बहुतेक."

मग मला कवचाच्या आत चिकटवलेला एक काळा चौकोनी तुकडा दिसला.

"हा कशाचा भाग?"

"लोखंड."

"आवाजासाठी?"

"हातासाठी." त्याने पेचकसाने तो उचकटून माझ्या तळहातावर ठेवला. चांगला जड होता. "दुकानात माणूस काय करतो? उचलून बघतो. हलका लागला की परत ठेवतो. जड लागला की म्हणतो, माल चांगला आहे. म्हणून दोन्हीकडे एकेक तुकडा. अख्ख्या वस्तूत भरीव म्हणाल तर एवढंच आहे, काका. तुमचा शब्द अगदीच खोटा नाही."

तो हसत होता. मला हसता आलं नाही. मी खिशातून पत्र आणि कार्ड काढून त्याला दिलं. त्याने दोन्ही वाचलं. पत्र परत एकदा वाचलं. वाचताना त्याचं हसणं गेलं.

"हे तुम्ही किती वेळा वाचलंत?"

"वीसेक वेळा तरी."

"मग काय वाचत होतात? वेलांट्या?"

"म्हणजे?"

"अहो, या माणसाने प्रश्नाच्या आधीच उत्तर लिहिलंय." त्याने काळ्या नखाने ओळ दाखवली. "बोदं ऐकू येतं, म्हणतो. त्या दिवशी त्या खोलीत बोदा कोण म्हणालं होतं? मी एकटा. या माणसाने मला पाहिलेलं नाही, मी याला पाहिलेलं नाही. एकच वस्तू दोघांनी ऐकली आणि शब्द तोच निघाला. कान गेलेल्याला बोदा कळत नाही हो. त्याला सगळं झकासच वाटतं. तुमच्या अक्कांना विचारा."

मी खाली बघितलं.

"आणि हे पुढचं. पलीकडच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते म्हणतो, अडुसष्टाव्या वर्षी! मला इथे बसून समोरचं घड्याळ ऐकू येत नाही. म्हातारपणी आधी जातात ते असले बारीक, वरचे आवाज. त्याचे शाबूत आहेत आणि तो म्हणतो, त्रास होतो."

"म्हणजे कान चांगले आहेत, असं लिहू?"

"मी डॉक्टर नाही. हेडफोन खोटा आहे हे मी छातीठोकपणे सांगतो. कानाचं त्याचं त्यालाच बघू दे. पियानोत वरच्या एका सुराला तीन तीन तारा असतात. दोन तारा जरा इकडेतिकडे असल्या की मध्ये एक लाट ऐकू येते, वाँव वाँव, अशी. खुंटी पिळत न्यायची, लाट मंद होत होत थांबली की सूर लागला. ती लाट उघड्या कानाने ऐकू येते का बघ म्हणावं. आधी सूर जुळवायचा तो नादकाटा वाजवून लांब धर म्हणावं, विरेपर्यंत. फक्त हे भूत डोक्यावरून काढ म्हणावं. तो चुकला कुठे माहितीये? यंत्र कानाने तपासायचं सोडून त्याने कान यंत्राने तपासले."

"खोक्यावर लिहिलं होतं म्हणून."

"हां. खोक्यावर लिहिलं होतं म्हणून."

शेजारी किल्लीवाल्याची कानस करकरत होती. मग मी म्हणालो, "मलाही त्या दिवशी तो बोदाच वाटला होता."

कानसेनने मान वर केली. "मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, माझेच कान."

"धन्य आहे!" तो म्हणाला, आणि बराच वेळ नुसता माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात कीव असती तर मला चाललं असतं. "मी तिथे एकटा पडलो होतो, काका. एका माणसाने जरी तोंड उघडलं असतं ना..."

त्याने पेचकस उचलला. हेडफोन जोडायला लागला. लोखंडाचा तुकडा मी मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. पहिला मसुदा असा उतरला : 'आपल्या पत्रास उत्तर देण्यास विलंब झाल्याबद्दल दिलगीर आहोत. सदर उत्पादनाच्या आवाजाविषयी काही मर्यादा निदर्शनास आल्या असून...' अक्काने तो माझ्या हातातून ओढून घेतला.

"दिलगीर आहोत? किती जण आहात तुम्ही?"

"तशी पद्धत असते."

"हे पत्र आहे की इस्त्रीचं खोकं? आणि मर्यादा कसल्या निदर्शनास? बोदा आहे म्हण ना सरळ."

"मी कागदावर सही केलीय, अक्का. बाहेर बोलणार नाही म्हणून."

"बोलू नकोस मग. लिही. काय करतील? वेलांटी काढून घेतील तुझी?" ती हेडफोन चढवत म्हणाली. मग एकदम हेडफोन हातात घेऊन तोलून बघितला. "काय रे, एका बाजूला कलतोय हा. एक कान हलका लागतोय."

मी दुसरा कागद घेतला. चार कागद फाडले. 'भरीव' या शब्दाचं समर्थन करता येईल अशी दोन वाक्यं सुचली, दोन्ही चांगली होती, खोडली. दुपारी दोनच्या सुमारास जे उरलं ते असं :

'सप्रेम नमस्कार. खोक्यावरचा मजकूर मी लिहिला. भरीव हा शब्द माझा. तो मी आवाज ऐकून लिहिला नाही, शब्दकोशात बघून लिहिला. आवाज मी एकदा ऐकला होता. मलाही तो बोदाच वाटला होता. आमच्याकडच्या ज्या एका माणसाला आवाजातलं कळत होतं तोही बोदाच म्हणाला होता, आपण वापरलात त्याच शब्दात. आम्ही त्याचं ऐकलं नाही. कलावंताला हा आवाज कसा ऐकू येतो हे कोणालाच माहीत नाही. माझ्यादेखत त्याने तो कानाला लावला तेव्हा वायर जोडलेली नव्हती. हेडफोन खोटा आहे. आपले कान गेले असं माझ्या शब्दावरून आपण ठरवलं असेल, तर ते तेवढ्यावरून ठरवू नका. हेडफोन काढून नादकाटा वाजवा, लांब धरा, विरेपर्यंत ऐका. मग दोन तारांमधली लाट ऐका. ती ऐकू आली तर बाकी कोणाला काही विचारू नका, मला तर नाहीच. मला आवाजातलं कळत नाही. तीस तारखेला हत्यारं देऊ नका, निदान एवढं करून बघेपर्यंत देऊ नका. आपल्याला गेलेलं छापील उत्तरही मीच लिहिलेलं होतं. उशिराला कारण नाही. सोबत लोखंडाचा एक तुकडा आहे. हेडफोन जड लागावा म्हणून तो आत चिकटवलेला असतो. आपल्याकडच्या हेडफोनमध्येही असे दोन निघतील. खाली माझा फोन नंबर देतो आहे. मला फोनवर बोलायची सवय नाही, पण उचलीन.'

खाली पूर्ण नाव लिहिलं. खोक्यावर माझं नाव कधी आलं नव्हतं.

सव्वीस तारीख होती. पोस्टात खिडकीपुढे पाचजण होते. माझ्यापुढच्या बाईंचं पार्सल तीनदा परत बांधावं लागलं, तेवढ्या वेळात माझं पाकीट घामाने ओलं झालं. आपण डॉक्टर नाही, कारागीर नाही, कोणीच नाही, आणि कोणाला तरी हत्यारं ठेव म्हणून सांगतोय. त्याला लाट ऐकू आली नाही तर? तर त्या माणसाला आपण दुसऱ्यांदा काठावर उभं केलं असं होईल. मी रांगेतून बाहेर पडलो. मग सात महिने आठवले आणि परत आत, सगळ्यांच्या मागे, जाऊन उभा राहिलो.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट चाचपलं. "आत काय आहे? टणक लागतंय."

"लोखंडाचा तुकडा."

"कशातला?"

"हेडफोनमधला."

"हेडफोनमध्ये लोखंड कशाला?"

मागे माणसं होती. माझा आवाज एरवी अशा वेळी बसतो. "आवाज वाईट होता," मी म्हणालो, "म्हणून वजन घातलं होतं."

बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, पाकीट काट्यावर टाकलं आणि जास्तीची तिकिटं फाडून दिली. मी ती चिकटवली. एक वाकडं लागलं.

"कधी पोचेल?"

"परवा. फार तर त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे अठ्ठावीस, नाहीतर एकोणतीस. त्यांनी शिक्का मारला आणि न बघता पाकीट मागच्या पोत्यात भिरकावलं. ते आतल्या पत्रांवर धप्पकन पडलं.

"अजून काही?" बाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो, आणि पुढच्या माणसाला जागा दिली.